पडद्याची किंमत

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने पडद्यावर रंग अवतरले, त्या दशकात दूरचित्रवाणी संचाची खरेदी मध्यमवर्गीय घरांत सोयरिकीच्या बोलणीइतक्या गांभीर्याने होत असे. हैदराबादच्या सरकारी कारखान्यातील ईसी, तसेच वेस्टन, क्राऊन, डायनोरा, आणि मागाहून ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉन ही नावे त्या काळी आबालवृद्धांच्या तोंडी होती. पोस्टात जाऊन परवान्याचे शुल्क भरावे लागे. आणि संच बिघडलाच, तर पेठेतला कारागीर मागचे झाकण उघडून, जळालेला एखादा भाग बदलून, तो बहुधा त्याच संध्याकाळी पूर्ववत करून देत असे. नावाला तेव्हा जे मोल होते ते यासाठी, की नाव, कारखाना आणि दुरुस्तीचे उत्तरदायित्व ही तिन्ही बहुतांशी एकाच छपराखाली नांदत. सांप्रत ती विभक्त झाली आहेत, आणि ही वाटणी किती पूर्ण आहे हे आमच्या घरातील एका संचाच्या निमित्ताने मला नीट उमगले.

तो संच ५५ इंची होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर, सणाच्या सवलतीत, चिरंजीवांनी घेतलेला. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण जे घडले ते कोणत्याही नावाखाली घडू शकते. हमीची एक वर्षाची मुदत संपली, पुढचा पावसाळा लागला, आणि कोल्हापूरच्या त्या संततधारेत घरातील चामड्याच्या वहाणांनाही बुरशी चढते अशा दिवसांत, पडद्याच्या डाव्या अंगाला एक उभी हिरवी रेघ उमटली. यथावकाश तिच्या शेजारचा हातभर पट्टा काळवंडला. शहरात त्या कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र नसल्याने कारागीर सांगलीहून यावयाचा होता, आणि तो येईपर्यंत घरातील सर्वांना त्या पट्ट्यासह मालिका पाहण्याची सवय होऊन गेली होती. त्याने संच न उघडताच निदान केले, की पडदाच बदलावा लागेल. आणि त्या पडद्याची किंमत संचाच्या मूळ किमतीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश निघाली.

संचाबरोबर ‘वाढीव हमी’ म्हणून वेगळे पैसे घेतले गेले होते, तो कागद आम्ही काढला. महसूल खात्याच्या दप्तरात उभी हयात घालवल्यामुळे दस्तऐवज शेवटापासून वाचण्याची मला खोड आहे. हमी देणारी संस्था संच बनवणाऱ्या कंपनीहून निराळीच होती, आणि अखेरच्या कलमात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, विजेच्या दाबातील चढउतार, ओलावा आणि पडदा ही तिन्ही हमीतून वगळलेली होती. पडदा वगळून दूरचित्रवाणी संचाची हमी द्यावयाची, म्हणजे विहीर विकून पाणी राखून ठेवण्याचाच हा प्रकार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर कंपनीने पडद्याच्या किमतीत काही सूट देऊ केली. परंतु बदललेल्या पडद्यावर हमी अवघी तीन महिन्यांची असल्याचे कळले, तेव्हा तो विषय आम्ही सोडून दिला आणि नव्या संचाच्या शोधात शाहूपुरीपासून राजारामपुरीपर्यंतची दुकाने पालथी घातली. त्या भ्रमंतीत जे पदरी पडले, ते इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम नावाविषयी. कोडॅक, थॉमसन आणि ब्लौपुंक्ट या तीन जुन्या विदेशी नावांचे संच आपल्या देशात एकच भारतीय कंपनी परवान्याने बनवते. तोशिबाचा दूरचित्रवाणीचा व्यवसाय चीनच्या हायसेन्सच्या ताब्यात जाऊन काही वर्षे लोटली आहेत. सोनीच्या ओएलईडी संचांतील पडदे एलजी आणि सॅमसंग यांच्या कारखान्यांतून येतात, आणि सॅमसंगच्या पडदे करणाऱ्या कंपनीने साध्या एलसीडी पडद्यांचे उत्पादन २०२२मध्ये थांबवल्यापासून अशा पडद्यांचा फार मोठा हिस्सा चीनमधील मोजक्या कारखान्यांकडे गेला आहे. यात लबाडी काहीच नाही, आणि आमचा संच यांपैकी कोणाचाही नव्हता, हेही नमूद करतो. परंतु नावाच्या पुण्याईवर दहा-पंधरा हजार अधिक मोजणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: या नावाच्या वतीने कोल्हापुरात उत्तर देणारा इसम कोण, आणि तो कोठे बसतो? सेवाकेंद्राचा पत्ता लिहून घ्यावा, आणि शक्य तर तेथे प्रत्यक्ष जाऊन यावे. दुरुस्तीस आलेल्या संचांची तेथील रांग जाहिरातीहून अधिक प्रामाणिक असते.

किमतीच्या तुलनेत दुसरी अडचण उद्भवते, ती तुल्य वस्तू मिळण्याची. एकाच नावाचे, एकाच मापाचे दोन संच दोन ठिकाणी निरनिराळ्या दरांनी दिसले, की ग्राहक हरखून जातो. पण मॉडेल क्रमांकाच्या शेपटीला एखादे अक्षर वेगळे असते, आणि त्या एका अक्षरापायी आतली स्मृती, ध्वनीची शक्ती किंवा क्वचित पडद्याची जातही बदललेली असते. म्हणून पूर्ण क्रमांक लिहून घेतल्यावाचून भाव करू नये. खोक्यावरील कमाल किरकोळ किंमत ही केवळ वरची मर्यादा असते, तीवरील ‘४० टक्के सूट’ हा आकडा हिशेबात धरण्याचे कारण नाही. कराचेही तसेच. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८वर आला, तेव्हा एका दुकानदाराने ‘सरळ दहा टक्के उतरले’ असे मला ऐकवले. करापूर्वीची किंमत ४०,००० धरली, तर पूर्वी ५१,२०० पडत आणि आता ४७,२०० पडतात. म्हणजे उतार पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही व्याज असतेच. रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट नाकारून ते वसूल होते, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील कर निराळे. रोखीचा भाव आधी कबूल करून घ्यावा आणि हप्त्यांची गोष्ट त्यानंतरच काढावी.

पण माझ्या मते खरा हिशेब वर्षांचा आहे. ३०,००० रुपयांचा संच तीन वर्षांत निकामी झाला, तर वर्षाला दहा हजार पडले. ४८,००० रुपयांचा आठ वर्षे चालला, तर सहा हजार. महाग ते टिकाऊच असा याचा अर्थ नव्हे. त्या वर्षांची शाश्वती कागदावर कोण किती देतो, एवढेच पाहावयाचे. काही कंपन्या पडद्यावर दुसऱ्या वर्षाची हमी स्वतः देतात. ती परक्या संस्थेच्या वाढीव हमीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

चित्राची परीक्षा दुकानात होत नाही. तेथील संच झगमगाटी छटेवर ठेवलेले असतात आणि त्यांवर बर्फाच्छादित पर्वत व रसरशीत फळे यांची खास तयार केलेली दृश्ये फिरत असतात. ‘काका, पिक्चर बघा की, नाद खुळा!’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्या पोराला मी केबलवरील साधा फुटबॉल सामना लावावयास सांगितला. पाटाकडील विरुद्ध दिलबहार या सामन्याला शाहू स्टेडियम भरून जाते आणि विश्वचषकात अर्धे गाव ब्राझीलचे व अर्धे अर्जेंटिनाचे होते, त्या या गावात याहून योग्य कसोटी कोणती? लांब फेकलेल्या चेंडूमागे शेपूट दिसले, हिरवळीवर ठिगळे उमटली, की पडद्याची योग्यता कळते. मग बाजूला सरकून, खाली बसून पाहावे. कारण पाहुण्यांनी भरलेल्या घरात समोरची जागा दोघांनाच लाभते, आणि काही पडदे तिरक्या नजरेला पांढुरके पडतात.

विशेषणांपैकी थोडीच विचारात घ्यावी. क्यूएलईडी हा प्रकाश मागून लागणारा एलसीडी पडदाच असतो, फक्त रंग सुधारणारा एक थर त्यात अधिक. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो, परंतु वृत्तवाहिनीची स्थिर पट्टी रात्रंदिवस चालू राहणाऱ्या घरात तिचा ठसा कायमचा उमटण्याचे भय असते. ‘एचडीआर’ लिहिलेला प्रत्येक संच ते दाखवण्याइतका उजळ नसतो. ऊर्जा कार्यक्षमतेच्या लेबलावर वर्षाकाठी किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो. तारे मोजण्यापेक्षा तो वाचणे बरे.

संच घरी आला, की खोके उघडण्याचा पंचनामा करावा: बंद खोक्यापासून पडदा उजळेपर्यंतचे अखंड चित्रण मोबाइलवर घ्यावे, आणि पोहोच पावतीवर सही करताना ‘पडदा तपासणे बाकी’ किंवा ‘तपासला’ जे खरे असेल ते लिहावे. बिल घरातील ज्या व्यक्तीला तक्रारीसाठी धावणे शक्य आहे तिच्याच नावे असावे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून अमलात आला. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे फिर्याद देता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

अखेरीस मी प्रत्येक दुकानदारापुढे एकच मागणी ठेवली: या संचाचा पडदा हमीबाहेर बदलावयाचा झाल्यास आजच्या दराने किती पडेल, हे दुकानाच्या छापील कागदावर लिहून द्यावे. काहींनी हसून विषय बदलला, एकाने कंपनीला विचारून कळवतो असे सांगितले आणि कळवले नाही. स्टेशन रोडवरच्या एका वयस्क दुकानदाराने मात्र माझ्यासमोरच सेवाकेंद्राला फोन लावून आकडा विचारला, लिहून शिक्का मारला आणि चहा मागवला. त्याचा भाव इतरांहून दोन हजारांनी अधिक होता, आणि तेवढ्यावरून शेजारचे मास्तर मला अजून अव्यवहारी ठरवतात. संच मी त्याच्याकडूनच घेतला.