गुडघे थकले तर जामसंड्याला या

बाबांचं वय ७९. लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी पहाटे पाचला त्यांची दाढी झालेली असते. नोकरीत असताना सुट्टीवर आले की पिशवीत ‘दुर्गभ्रमणगाथा’ टाकून राजगड चढायचे. गेल्या हिवाळ्यात त्याच वाटेवर अर्ध्यात एका दगडावर बसले आणि म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, मीही मंजूर केलाय.”

म्हणून मी असे किल्ले शोधू लागलो जिथे चढच नाही. ते सापडले देवगड तालुक्यात.

बाबांच्या पिढीला गडावर नेलं ते ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी, म्हणजे अप्पांनी. जन्म ८ जुलै १९१६, परतवाड्याचा. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी घर सोडलेला हा मुलगा गाडगेमहाराजांच्या सोबतीने फिरला, त्याने नर्मदा परिक्रमा केली आणि मग तळेगाव दाभाड्याला घर मांडलं. घर मांडलं म्हणून फिरणं थांबलं नाही, उलट घरच गडाला लागलं. लेक वीणा देव, जावई विजय देव, नात मृणाल कुलकर्णी या सगळ्यांनी मिळून त्यांच्या कादंबऱ्यांची जाहीर अभिवाचनं केली. १ जून १९९८ ला अप्पा गेले, ८२ व्या वाढदिवसाला पाच आठवडे उरले असताना. आपल्याकडे भटका माणूस म्हणजे घराला पारखा, असं समजायची खोड आहे. अप्पांनी ती खोटी पाडली. तेव्हा या सहलीला म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊनच निघा. नुसते मित्र घेऊन जायला सह्याद्री पडलाय.

कोकण रेल्वेने कणकवली किंवा नांदगाव रोडला उतरा. गाडीने येत असाल तर मुंबई-गोवा महामार्गावर नांदगाव तिठ्याला पश्चिमेकडे वळा. तिथून साधारण ४० किलोमीटर. देवगडच्या अलीकडे जामसंडे लागतं. आता दोन्ही गावांची नगरपंचायत एकच आहे, पण मुक्काम जामसंड्यात करा. बाजार हाताशी, आणि देवगड बंदराची गर्दी नको असेल तेव्हा लांब.

पहिल्या संध्याकाळी फक्त देवगड किल्ला बघा. गाडी जवळपर्यंत जाते. तीन बाजूंनी समुद्र, जमिनीकडे खंदक, आत गणपतीचं देऊळ आणि दीपगृह. तासाभरात पाहून होतो, पण तासाभरात परतू नका. तटावर चटई टाका. बंदरात परतणारे ट्रॉलर मोजायला पोरांना बसवलं की मोठ्यांना निवांतपणा मिळतो.

दुसरा दिवस विजयदुर्गाला द्या. सकाळी सातला निघा, वाडातरचा पूल ओलांडून पडेल कॅन्टीनला चहा घ्या. (हे गावाच्या तिठ्याचं नाव आहे, हॉटेलचं नव्हे. आम्ही पाटी शोधत बसलो होतो.) किल्ला वाघोटण खाडीच्या मुखावर आहे आणि आत पायी जाता येतं, होडी लागत नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात हाही आहे. जिबीच्या दरवाजातून आत शिरलात की घाई करू नका. वाट अशी वळते की शत्रूला दरवाजा समोर दिसतच नाही. बाबा तिथे वीस मिनिटं थांबले, भिंतीला पाठ लावून कुठून मारा होईल ते नातवाला बोटाने दाखवत. मग खूबलढा बुरूज. जांभ्याचे चिरे खारं वारं खाऊन मधाच्या पोळ्यासारखे झालेत. त्यात बोट घालून बघितलं तर आत अजून लालभडक.

१७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन या इंग्रज नौसेनापतीच्या आरमाराने इथे तुळाजी आंग्र्यांवर तोफा डागल्या, आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. एका गलबताला आग लागली आणि किल्ल्याशेजारी एकत्र बांधून ठेवलेलं आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं. बाबांचा शेरा एवढाच: “सगळी जहाजं एका दोरीला?” पुढे दिवसभर ते त्यावर गप्पच होते.

‘साहेबाचा ओटा’ दाखवून तुम्हाला कुणीतरी सांगेलच की हेलियमचा शोध इथे लागला. कौतुकाने ऐका, पण मुलांना खरं सांगा. ज्याच्या नावावर हा शोध सांगतात तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर १८६८ च्या ग्रहणावेळी इंग्लंडातच होता, आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तीही गोष्ट काही लहान नाही.

साडेदहानंतर जांभ्यावर उभं राहवत नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि म्हाताऱ्यांसाठी घडीचं स्टूल न्या. पावसाळ्यात हेच कातळ शेवाळाने साबणासारखे होतात, तेव्हा काठी हवी आणि तटाच्या कडेला जाणं नको. एप्रिल-मेमध्ये वाटेवरच्या हापूसच्या बागांना राखणदार असतो. पडलेला आंबासुद्धा विचारल्याशिवाय उचलू नका. विचारलंत तर बहुतेक वेळा दोन हातात पडतात.

परतल्यावर तारामुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वरचं देऊळ करता येतं. आम्ही तेही त्याच दिवशी करायला निघालो होतो. घावणे वाढता वाढता घरमालकीण काकू बाबांकडे बघून म्हणाल्या, “आज रवांदे हो. देव खंय पळान जाणा नाय.” आम्ही तिसऱ्या सकाळी गेलो.

रात्रीसाठी अप्पांची ‘शितू’ किंवा ‘पडघवली’ जवळ ठेवा. दोन्ही कादंबऱ्या कोकणातल्या, आणि दोन्ही मोठ्याने वाचायच्या. आमच्याकडे बाबांनी सुरुवात केली, चष्मा धुरकट झाला म्हणून तिसऱ्या पानावर पुस्तक नातवाकडे दिलं. तो एका शब्दाला अडखळला. बाबांनी डोळे मिटूनच तो शब्द सांगितला.