ग्रामगीता, अध्याय १, ओवी १ : चौथा चरण गिळू नका

आज पुढची ओवी नाही, पहिलीच परत घेतोय.

झालं असं की बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रोज पहाटे ते ग्रामगीता स्वतः वाचतात, सध्या मी वाचून दाखवतो. डोक्यात नऊचा कॉल, त्यामुळे भरभर. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "काहून धावून राहिला रे? मले नुसतं यमकच ऐकू येते."

झोंबलं. रात्री पहिल्या ओवीची अक्षरं मोजत बसलो. (जोडाक्षर एकच धरायचं.) ९, १०, ९, ७. आधी वाटलं टायपिंगची चूक असेल, कारण मोठ्या अभंगात कसं ६-६-६-४ ठरलेलं असतं. पण ग्रंथातल्या ओवीला अशी मोजणीची सक्ती नाही, ज्ञानेश्वरीतही नाही. तिला बंधन यमकाचं. पहिल्या तीन चरणांचं यमक एक, चौथा मोकळा आणि बहुतेकदा आखूड. इथे तिन्ही चरण 'का'वर संपतात, चौथा नाही.

आता अर्थ बघा. पहिल्या दोन चरणांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराज देवाला फक्त हाका मारतात. तिसऱ्यात म्हणतात, तू एकच असून अनेक. पण वाक्य इथे पुरं होतच नाही! क्रियापद चौथ्या चरणात आहे. हा एक देव अनेक होऊन दिसतो कुठे, तर या विश्वाच्या रूपात, हेही तिथेच. पुढे ४१ अध्याय गावाची, माणसांची सेवा हीच पूजा म्हणून सांगायची आहे, त्याचा पायाच हा. आणि यमकाच्या वेगात मी नेमका तोच चरण गिळत होतो.

अध्यायाच्या शेवटच्या ओवीचंही तसंच. प्रत्येक वेळी जवळपास तीच, बदलतो तो विषय आणि क्रमांक. ऑफिसात असा रिपीट कोड दिसला तर मी लगेच कमेंट टाकतो, म्हणून इथेही उडवत होतो. पण डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला अध्याय संपला हे त्या ओवीनेच कळतं. ती सुरू झाली की बाबा हात जोडतात.

आज सकाळी पहिलीपासून पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या चरणावर श्वास घ्यायला थांबलो, तर चौथा बाबांनीच म्हटला.

उद्या ओवी २.