ऑप्शनला टाकलेला धडा

बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातला नववा धडा कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा आहे. शहापूर-मुरबाडकडची कितीतरी मुलं हा धडा ऑप्शनला टाकतात. लिगँड, आयसोमर, लांबलचक नावं, काही केल्या पाठ होत नाहीत. क्लासमध्येही परीक्षेच्या तोंडावर तो घाईघाईत उरकला जातो. ऑक्टोबर 2025 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, ते नेमकं या धड्यातल्या विषयाला.

क्योतोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कलीचे ओमर याघी हे तिघं मानकरी. त्यांनी घडवले ते पदार्थ मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे एमओएफ. कोपऱ्याकोपऱ्यावर धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे कार्बनी रेणूंचे दांडे, म्हणजे धड्यातले लिगँड, अशी बांबूच्या परांचीसारखी रचना. आत मोकळी जागा इतकी, की एमओएफ-5 या पदार्थाच्या दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. त्या पोकळ्यांत वायू साठवता येतो, कार्बन डायऑक्साइड अडवता येतो.

याची सुरुवात कुठून झाली ते विद्यार्थ्यांनी नीट वाचावं. 1974 मध्ये रॉबसन यांना वर्गात दाखवायला लाकडी गोळ्यांचे रेणू बनवून हवे होते. गोळा म्हणजे अणू, काठी म्हणजे बंध. प्रत्येक गोळ्याला भोकं कुठे पाडायची, हे त्यांनी कार्यशाळेला खुणा करून दिलं. गोळे तयार होऊन आले आणि जोडताना त्यांच्या लक्षात आलं, की भोकं योग्य जागी असली की रेणूचा आकार आपोआप बरोबर येतो. मग अणूंऐवजी अख्खे रेणू असेच जोडले तर? हा प्रश्न त्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ मनात ठेवला. 1989 मध्ये तांब्याचे आयन आणि चार हातांचा कार्बनी रेणू घेऊन केलेलं काम त्यांनी प्रसिद्ध केलं. वर्गात शिकवायची तयारी करता करता सुचलेली ही गोष्ट आहे.

याघींची हकिगत तर आपल्या तालुक्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरात ते वाढले. एका खोलीत मोठं कुटुंब, घरात वीज नाही, नळ नाही. दहा वर्षांचे असताना शाळेच्या वाचनालयात एका पुस्तकातली रेणूंची चित्रं त्यांनी पाहिली आणि तिथेच मन जडलं. पंधराव्या वर्षी ते अमेरिकेला गेले, पण थेट नामांकित विद्यापीठात नाही. साध्या कम्युनिटी कॉलेजात शिकले, पोटासाठी किराणा दुकानात सामान भरून दिलं, फरशी पुसली. पुढे त्यांच्या गटाने ॲरिझोनाच्या वाळवंटात एमओएफ वापरून कोरड्या हवेतून पाणी काढून दाखवलं. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही तिन्ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हवेतलं पाणी काढणारा स्वस्त, टिकाऊ पदार्थ शोधण्याची निकड त्या पाड्यावरच्या मुलीइतकी कुणाला कळेल?

आता पालकांचा प्रश्न: हे सगळं ठीक, पण बी.एस्सी. करून नोकरी लागेल का?

नुसत्या पदवीवर सुरुवातीला पगार बेताचाच असतो, हे मी आधीच सांगते. पण धातूंचं रसायनशास्त्र परदेशातच चालतं, असं समजू नका. वाशिंदच्या जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात पोलादी पत्र्यावर जस्ताचा थर चढतो. लोखंडाच्या आधी जस्त गंजतं आणि पत्रा वाचतो, हे शुद्ध असेंद्रिय रसायनशास्त्र. औषधांचंही तसंच. कार्बन-कार्बन बंध जोडण्यासाठी पॅलेडियम वापरण्याच्या पद्धतींना 2010 चं नोबेल मिळालं. घरातल्या आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लोसार्टन असेल, तर त्या औषधाच्या मूळ उत्पादन प्रक्रियेत त्यातलीच सुझुकी अभिक्रिया होती. अभिक्रिया झाल्यावर धातू औषधात उरता कामा नये. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ते मोजायला आयसीपी-एमएस नावाचं यंत्र असतं आणि ते चालवणारा क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणारा, केमिस्ट लागतो. एम.एस्सी.ला असं यंत्र हाताळलेला विद्यार्थी मुलाखतीत वेगळा उठून दिसतो.

केमिकल म्हटलं की आईवडिलांना डोंबिवली आठवते. मे 2016 आणि मे 2024 मध्ये तिथल्या एमआयडीसीत स्फोट झाले, माणसं गेली. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. मुलाने कुठेही रुजू होण्याआधी तिथे सुरक्षेचं प्रशिक्षण देतात का, हे विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर ती नोकरी धरू नये. आणि कारखाने सुरक्षित करायला रसायन जाणणारी माणसंच लागतात.

संशोधनाची ओढ असेल तर वाट लांब आहे, पण बंद नाही. बारावीनंतर आयसर या केंद्राच्या विज्ञानसंस्थांसाठी आयएटी ही परीक्षा असते. नेस्ट ही दुसरी परीक्षा दिली तर भुवनेश्वरचं नायसर किंवा कलिना संकुलातलं सीईबीएस मिळू शकतं. पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष आणि रामनाथन वैद्यनाथन यांचे गट याच एमओएफवर काम करतात. पवईच्या आयआयटीतले देबब्रत मैती धातूंच्या मदतीने कार्बन-हायड्रोजन बंध उघडण्याचं काम करतात. त्यांना 2022 चा भटनागर पुरस्कार मिळाला. पवईला जायला आसनगावहून लोकल पकडून ठाण्याला गाडी बदलली की कांजुरमार्ग. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. आपल्या मुलांना ही संस्था दूर वाटते ती अंतरामुळे नव्हे.

बारावीला या परीक्षा जमल्या नाहीत म्हणून काही बिघडत नाही. जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करून जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. माझं आग्रहाचं सांगणं, तयारी पहिल्या वर्षापासून करा. तिसऱ्या वर्षी जागं होणारी मुलं हमखास मागे पडतात. काही आयआयटी जॅमसाठीही बारावीला गणित असण्याची अट घालतात, तेव्हा अकरावीत जीवशास्त्र घेतलं तरी गणित सोडू नका. एम.एस्सी.नंतर नेट-जेआरएफ मिळालं की पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000, शिवाय घरभाडं. म्हणजे तेविसाव्या वर्षापासून मुलगी घरच्यांवर अवलंबून नसते. तिच्या लग्नाची घाई करणाऱ्यांनी हा आकडा एकदा मनात घोळवावा.

मुलामुलीचा कल ओळखायची माझी कसोटी साधी आहे. प्रॅक्टिकलला निळ्या मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब घातला, की आधी फिकट साका बसतो आणि मग सगळं गडद निळं होतं. किती मार्क हे विचारणारे बरेच असतात. रंग का बदलला, हे घरी येऊनही ज्याच्या डोक्यातून जात नाही, त्याला या वाटेवर जाऊ द्या.

आणि कागदपत्रं. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरांतल्या मुलांच्या जात पडताळणीचं प्रकरण अकरावीतच दाखल करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून प्रमाणपत्र वेळेत हाती येईलच असं नाही. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, शिष्यवृत्तीची चौकशी तिथे करा. कुणबी, आगरी मुलांनी नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची तारीख पाहून ठेवा. आयआयटी, आयसरला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा चालत नाही, केंद्राचा वेगळा मागून घ्या.