पहिला ट्रॅक डे: फी भरण्याआधी पूर्ण हिशेब मांडा

बेडसे लेण्यांच्या पायथ्याचा कामशेत–पवनानगर रस्ता बाइकवाल्यांचा लाडका. पण त्याच वळणांवर गुरं असतात, शाळेची पोरं असतात. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. वेगाची हौस ट्रॅकवरच भागवा.

ट्रॅक कोणता?
मावळात तळेगावजवळ नानोली स्पीडवे आहे. कोइम्बतूरचा कारी २.१ किमी, चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल ३.७ किमी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध ५.१ किमी. लांब जायचं तर बाइकची वाहतूक आणि मुक्काम धरून खर्च प्रवेश फीपेक्षा जास्त होतो. नवशिक्याने जवळचा, छोटा ट्रॅक निवडावा. बुद्धच्या किलोमीटरभर सरळ पट्ट्यावर इंजिनाची ताकद कळते. शिकायला होतं ते वळणांवर.

बुकिंगआधी विचारा
• नुसता ओपन ट्रॅक आहे की प्रशिक्षक सोबत? पहिल्यांदा प्रशिक्षकच हवा, फी जास्त असली तरी.
• अनुभवाप्रमाणे गट पाडतात का? सेशन किती, किती मिनिटांची?
• अँब्युलन्स आणि मार्शल दिवसभर हजर असतात का?
• भाड्याची बाइक पडली तर भरपाई किती? पाऊस आला तर पैसे परत मिळतात का?
उत्तरं लेखी घ्या.

गिअर
देशी बनावटीचं धरलं तर ईसीई प्रमाणित हेल्मेट साधारण ५ ते ८ हजार, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज ४ ते ८ हजार, बूट १० ते १५ हजार, लेदर सूट ३० हजारांपुढे. सगळं विकत घ्यायचं तर ५० हजार सहज जातात. पहिल्या वेळी हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज स्वतःचे घ्या. सूट आणि बूट भाड्याने मिळतात का ते पाहा.

बाइक
१५० ते २०० सीसीची रोजची बाइक पुरते. ब्रेक ऑइल मात्र नवीन भरा. जुनं ऑइल हवेतला ओलावा धरतं, ट्रॅकवर तापून उकळतं आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. काही शे रुपयांचं हे काम टाळू नका. टायर, ब्रेक पॅड आणि चेनही मेकॅनिककडून तपासून घ्या.

विमा
नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. बाइक पडली तर दुरुस्ती खिशातून, हे धरून तेवढी रक्कम बाजूला ठेवा. अपघात विमा आणि आरोग्य विम्याच्या अटीही वाचा.

पैसे कमी पडत असतील तर एक्झॉस्ट आणि स्टिकर सोडा. प्रशिक्षक, हेल्मेट आणि ब्रेक यांवर काटकसर करू नका.