सामुदायिक महाविद्यालयांतील आपत्कालीन सज्जता : मानकांची फेरतपासणी

दिनांक १० मार्च १९३३ रोजी सायंकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाँग बीच शहरास भूकंपाचा तीव्र धक्का बसला. सुमारे १२० माणसे दगावली. पुढे पडझडीची पाहणी सुरू झाली, तेव्हा जे दृष्टीस पडले त्याने तेथील पालकवर्ग हादरून गेला. त्या परिसरातील ७० शाळा जमीनदोस्त झाल्या होत्या व आणखी १२० शाळांच्या इमारतींस गंभीर इजा पोहोचली होती. विटांच्या जाड भिंती, सांध्यांतील चुना निकृष्ट आणि आत लोखंडाचा आधार नाही, अशी बहुतेकांची रचना होती. शाळा दुपारीच सुटल्या होत्या, म्हणून मुले वाचली. हाच धक्का काही तास आधी बसता तर काय झाले असते, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला.

या प्रश्नाचे उत्तर सरकारने विलक्षण त्वरेने दिले. बरोबर एका महिन्याने, १० एप्रिल १९३३ रोजी, तेथे शालेय इमारतींविषयीचा कायदा अमलात आला. विधानसभेचे सदस्य डॉन फील्ड यांच्या नावावरून तो फील्ड कायदा म्हणून ओळखला जातो. इमारतीची रचना परवानाधारक तज्ज्ञाने करावी, नकाशे राज्याच्या वास्तुशास्त्र विभागाने तपासावेत, बांधकाम चालू असता स्वतंत्र निरीक्षकाने जागेवर हजर राहावे आणि काम मंजूर नकाशाबरहुकूम झाले असे संबंधितांनी शपथेवर लिहून द्यावे, अशा त्यातील मुख्य तरतुदी होत. प्रस्तुत लेखकास यांतील शेवटची तरतूद सर्वांत मोलाची वाटते. नकाशा उत्तम असतो, पण सळई किती घातली हे ओतकाम झाल्यावर कोणास दिसत नाही. कचेरीत बसून लिहिलेला पूर्णत्वाचा दाखला आणि जागेवर उभे राहून घेतलेली शपथ यांतील अंतर आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. मात्र हा कायदा नव्या इमारतींपुरता होता. जुन्या इमारतींचा प्रश्न मार्गी लागण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

या कायद्याच्या कक्षेत शाळांबरोबर सामुदायिक महाविद्यालयेही येतात. ही संस्था आपल्याकडे फारशी परिचित नसल्याने दोन शब्द सांगणे इष्ट होईल. अल्प शुल्क, सर्वांस खुला प्रवेश आणि मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असे तिचे स्वरूप असते. एकट्या कॅलिफोर्निया राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत. तेथे परिचर्या, जोडकाम, मोटारदुरुस्ती, हिशेब असे विषय शिकविले जातात. विद्यार्थ्यांत नुकतीच शाळा सोडलेली मुले असतात, तशीच दिवसभर नोकरी करून येणारी, मुलेबाळे असलेली माणसेही असतात. बहुतेक जण वसतिगृहात राहत नाहीत. तास असेल तेव्हा यावे व संपला की जावे, असा क्रम असतो. शिक्षकांतही अर्धवेळ काम करणाऱ्यांचा भरणा मोठा असतो.

येथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. लाँग बीचच्या शाळा सायंकाळी सहाच्या सुमारास रिकाम्या होत्या म्हणून अनर्थ टळला. सामुदायिक महाविद्यालयाचे सायंकालीन वर्ग नेमके त्याच सुमारास भरू लागतात. म्हणजे शाळेला जी वेळ तारक ठरली, तीच या संस्थेला घातक ठरू शकते. भिंतींचे मानक दोघांना एकच चालेल, परंतु सज्जतेचे मानक एकच चालणार नाही.

भिंती उभ्या राहिल्या म्हणजे सर्व झाले असेही नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी लॉस एंजेलिसजवळील नॉर्थरिज येथे भूकंप झाला. तो दिवस सार्वजनिक सुट्टीचाही होता. शाळांच्या इमारती बहुतांशी टिकल्या, पण वर्गांत छताला टांगलेले दिवे खाली आले, कपाटे व पुस्तकांच्या मांडण्या कोसळल्या. भिंतीला पट्टीने न जखडलेले पोलादी कपाट हा वर्गातील धोकाच होय, हे त्यानंतर अधिक कसोशीने पाहिले जाऊ लागले. खर्च पाहू जाता हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि बहुधा म्हणूनच तो राहून जातो.

इशारा देण्याचे मानक बदलले ते निराळ्या दुर्घटनेने. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या वसतिगृहात सकाळी सव्वासातच्या सुमारास दोघांचा गोळ्या घालून खून झाला. आवारातील सर्वांना सूचना गेली ती ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच मारेकऱ्याने वर्गांच्या इमारतीत शिरून आणखी ३० जणांचे प्राण घेतले. १९९० च्या केंद्रीय कायद्यान्वये महाविद्यालयांवर वेळेवर सावध करण्याची जबाबदारी होती, परंतु वेळेवर म्हणजे केव्हा, हे संदिग्ध होते. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गंभीर धोक्याची खातरजमा होताच तत्काळ सूचना द्यावी, तिची रीत लिहून प्रसिद्ध करावी आणि वर्षातून एकदा तरी ती करून पाहावी, असे बंधन घालण्यात आले. हे बंधन सामुदायिक महाविद्यालयांसही लागू आहे. ते अनाठायी नव्हते. १ ऑक्टोबर २०१५ रोजी ऑरेगन राज्यात रोझबर्गनजीकच्या अम्पक्वा सामुदायिक महाविद्यालयात भर वर्गात नऊ जण मारले गेले.

२००८ पासूनच दक्षिण कॅलिफोर्नियात भूकंपाची सामुदायिक कवायत होऊ लागली व पुढे ती सर्वत्र पसरली. खाली बसा, आडोसा घ्या, धरून राहा, एवढाच तिचा पाठ. ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती होते, आणि वेळ लक्षात राहावी म्हणून तारखेचेच मिनिट घेतात. सोळा तारखेस सकाळी १० वाजून १६ मिनिटांनी. योजना सुरेख आहे. पण रात्रीच्या वर्गास येणारा कामगार त्या वेळी कारखान्यात असतो. महाविद्यालयाच्या दप्तरी कवायत झाल्याची नोंद होते, आणि त्याला मात्र बाहेर पडण्याचा दुसरा जिना ठाऊक नसतो.

वेळेची ही बाब आपल्यालाही अपरिचित नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. माणसे दगडमातीच्या घरांत झोपेत सापडली आणि शाळा तेवढ्या रिकाम्या होत्या. कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास धरणी हादरली, तेव्हा अंजार गावातील मुले प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळून १८५ मुले आणि २० शिक्षक मृत्युमुखी पडले. ती मुले इमारतीबाहेरच होती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली शाळांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचाव्यातच, पण वाचताना आपल्या संस्थेचे वेळापत्रक शेजारी ठेवावे.

आपल्याकडील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, रात्रशाळा व दोन पाळ्यांत चालणारी महाविद्यालये यांची स्थिती अमेरिकेतील उपरोक्त संस्थांसारखीच आहे. प्राचार्यांनी एका कागदावर सकाळी सात, दुपारी बारा आणि सायंकाळी सात असे तीन रकाने आखावेत. प्रत्येक वेळी आवारात किती माणसे असतात, त्यांत जबाबदार कोण, मागील दाराची किल्ली कोणाजवळ, घंटा कोणी वाजवावयाची, हे त्यात लिहावे. तिसरा रकाना भरताना बहुधा लेखणी अडते. पहारेकऱ्याखेरीज नाव सुचत नाही, आणि त्याला कोणी काही सांगितलेले नसते. वर्षातील एक तरी कवायत सूर्यास्तानंतर घ्यावी. जिन्याच्या प्रत्येक वळणावर विजेरी घेऊन एकेक माणूस उभा करावा आणि मग मुख्य बटण बंद करावे. मोठ्या धक्क्यात वीज हमखास जाते, आणि मैदानाकडे जाणारी वाट विद्यार्थ्यांस सापडते की नाही, हे तेव्हाच कळते.