गिरणगाव आणि पाच मागण्यांची वाटचाल

उद्योगधंद्यांची वाढ आणि समाजसुधारणा यांची गती सारखी नसते. यंत्रे वेगाने येतात, शहरे फुगतात. परंतु यंत्रावर राबणाऱ्या माणसाच्या हिताचे कायदे मागाहून, सावकाश येतात. मुंबईच्या गिरणी उद्योगाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली. पुढील तीन दशकांत परळ, लालबाग, भायखळा हा परिसर गिरण्यांच्या धुराड्यांनी व्यापला. कोकण व घाटावरून माणसे रोजगारासाठी येत राहिली. १८७२ च्या जनगणनेत ६,४४,४०५ असलेली शहराची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ झाली.

गिरणीचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असे. साहजिकच उन्हाळ्यात काम वाढे. साप्ताहिक सुटी नव्हती. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांना मात्र या कायद्याने काहीच दिले नाही. शिवाय हा कायदा लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दडपणाखाली होत आहे, असा संशय असल्यामुळे देशी वृत्तपत्रांतूनही त्यास विरोध झाला. या वादात प्रत्यक्ष कामगाराचे म्हणणे कोणी विचारले नव्हते.

कामगारांचे निवेदन

ही उणीव नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरून काढली. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या पाच होत्या : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई.

या मागण्या आज साध्या वाटतात. परंतु पगार लांबला की कामगाराला वाण्याकडे उधारी व सावकाराकडे कर्ज करावे लागे आणि हात यंत्रात सापडला तर संसारच उघड्यावर पडे. प्रत्येक मागणीमागे असा रोजचा अनुभव होता.

२४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, ही गोष्ट त्या काळी असामान्य होती. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती सुटी आणि दुपारची विश्रांती यांना कायद्याचे बळ दिले; स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले.

उरलेल्या मागण्यांना फार काळ लागला. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आणि वेळेवर वेतन देण्याचा कायदा १९३६ मध्ये झाला. म्हणजे पाच मागण्यांच्या पूर्ततेस बावन्न वर्षे लागली. मधल्या काळात ना. म. जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी संघटनेचे काम पुढे नेले. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली आणि १९२६ च्या कायद्याने कामगार संघटनांना मान्यतेचा मार्ग मोकळा झाला.

घराचा प्रश्न

१८८४ च्या निवेदनात घराचा उल्लेख नव्हता. तो प्रश्न १८९६ च्या प्लेगने ऐरणीवर आणला. दाटीच्या, अंधाऱ्या चाळींत साथ झपाट्याने पसरली. रुग्णसेवा करीत असता लोखंडे यांचे १८९७ मध्ये याच साथीत निधन झाले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंगा वसविले. तथापि पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरे अपुरी पडली. हटविलेली कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत शिरली आणि तेथील दाटी वाढली.

याचे एक कारण राजकीय होते. १८७२ पासून महापालिकेत करदात्यांचे प्रतिनिधी निवडून येत; पण मताचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्यांपुरता होता. चाळीतील भाडेकरू कामगारास मत नव्हते. प्रौढ मतदानावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली.

सुटीच्या प्रश्नात कामगार स्वतः बोलले आणि सहा वर्षांत निर्णय झाला. घराच्या प्रश्नात त्यांच्यासाठी इतरांनी ठरविले आणि तो प्रश्न पुढील पिढ्यांच्या वाट्याला आला. शहरविकासाची कोणतीही योजना आखताना, तिचा भार ज्यांच्यावर पडणार त्यांचे म्हणणे आधी ऐकले गेले पाहिजे, हा गिरणगावच्या इतिहासाचा बोध आहे.