रंगाची फवारणी : यंत्र घेण्यापूर्वी



भाताची मळणी आटोपली की नाताळाच्या आधी घराला रंग देण्याची घाई सुरू होते. भिंती झाल्या की दारे-खिडक्या, आणि तेवढ्यात अंगणात उभी असलेली गंजकी ट्रॉली नजरेत भरते. विजेवर चालणारी, हातात धरून रंग फवारायची यंत्रे आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. "रंगारी नको, ब्रश नको, एका दिवसात काम," असे दुकानदार सांगतो. मग प्रश्न येतो, "फादर, यातले कोणते घ्यावे?"

उत्तर थोडक्यात असे : आधी रंग ठरवा, मग यंत्र. यंत्राच्या किमतीत तोंडावरच्या मास्कची किंमतही धरा. आणि ज्या रंगापासून आपली छाती राखता येत नाही, तो रंग घरी फवारूच नका. आता हे सविस्तर पाहू.

यंत्र काय करते?

अमेरिकेत टोलेडो शहरी ॲलन डेव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात खोलवर औषध पोहोचावे म्हणून १८८० च्या दशकात त्यांनी रबरी फुगा दाबून औषधाचे तुषार उडवणारे साधन तयार केले. पुढे १९०७ च्या सुमारास त्यांचा मुलगा थॉमस याने त्याच तत्त्वावर रंगाची बंदूक बनवली. द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब करायचे आणि हवेबरोबर सोडायचे, एवढेच ते तत्त्व.

यात एक धडा आहे. औषध घशात व छातीत पोहोचवण्यासाठी जी युक्ती निघाली, तीच युक्ती रंगही तेथे पोहोचवते. ब्रशने रंगवताना थिनरचा वास येतो. फवारताना वासाबरोबर रंगाचे कणही आत जातात.

शेतातला पंप चालेल काय?

हा प्रश्न नेहमी येतो. पाठीवरचा पंप घरात आहेच, मग खर्च कशाला? उत्तर : चालणार नाही. ऑईल पेंटमधील थिनरने पंपाचे रबरी वॉशर फुगतात व खराब होतात. रंग नोझलमध्ये सुकून बसतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे टाकीत व नळीत राहिलेले कीटकनाशक मुलांच्या खोलीच्या भिंतीवर जाते. उलट, रंगाचा कचरा अडकलेला पंप पुढच्या हंगामात पिकावर सारखी फवारणी करीत नाही.

चुन्याची सफेदी पंपाने मारण्याची चाल जुनी आहे व ती ठीक आहे. मात्र त्यासाठी वेगळा पंप राखावा, चुना कापडातून गाळून घ्यावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा. चुना डोळा भाजतो. डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे व डॉक्टरांकडे जावे.

यंत्रांचे चार प्रकार

१. हातातले विजेचे यंत्र. याला साधारण एक लिटरचे भांडे असते. दारे, कपाटे, वेताच्या खुर्च्या, नांगर, ट्रॉली यांना हे पुरते. भिंतीचा जाड रंग फवारायचा तर तोंडाचे छिद्र २ ते २.५ मि.मी. असलेले नोझल लागते. रंग उडत नाही म्हणून वाटेल तेवढे पाणी घालू नये. डब्यावर छापलेल्या प्रमाणापेक्षा पातळ केलेला रंग भिंत झाकत नाही.

२. कॉम्प्रेसर व साधी बंदूक. गॅरेजमध्ये दिसते ती हीच. काम सफाईदार होते. पण हवेचा जोर मोठा असल्याने निम्म्याहून अधिक रंग वस्तूवर न बसता उडून जातो. लहान कॉम्प्रेसर हिला पुरत नाही. १ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे ३ ते ४ घनफूट हवा देतो, आणि मोठी बंदूक ८ घनफूट किंवा अधिक मागते. अर्धे दार झाले की दाब उतरतो व रंगाचे ठिपके पडू लागतात. म्हणून बंदुकीची मागणी व कॉम्प्रेसरची क्षमता हे दोन आकडे दुकानातच ताडून पाहावेत.

३. कमी दाबाची बंदूक. हिला एच.व्ही.एल.पी. म्हणतात. हवा भरपूर, पण तोंडाशी दाब १० पौंडांहून अधिक नाही. साधारण दोन तृतीयांश रंग वस्तूवर बसतो. रंग वाचतो आणि श्वासात जाणारे धुकेही कमी होते. मात्र हवा हिलाही भरपूर लागते.

४. हवेविना चालणारे यंत्र, म्हणजे एअरलेस. यात पंप रंगालाच दाबतो. सभागृह, शाळा, मोठे गोदाम यांसाठी हे उत्तम. तीन खोल्यांच्या घरासाठी विकत घेऊ नये, लागल्यास जाणत्या माणसासह भाड्याने आणावे. ट्रकच्या टायरमध्ये १०० पौंडांच्या आसपास हवा असते. या यंत्रातील दाब २,००० ते ३,००० पौंडांपर्यंत जातो. तोंडासमोर बोट आले तर रंग कातडीतून आत शिरतो. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आरंभी दुखतही नाही. परंतु आत रंग पसरून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. अशा वेळी पट्टी बांधून घरी बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात त्याच घटकेला जावे व रंगाचा डबा बरोबर न्यावा. नोझल साफ करण्यापूर्वी यंत्र बंद करून दाब उतरवावा आणि घोड्याला कुलूप लावावे.

एक हिशोब

समजा, १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच अशा तीन खोल्या आहेत. एका खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट, तिन्हींच्या १,३२०. एक लिटर रंग दोन हातांना सुमारे ७० चौरस फूट पुरतो असे धरले, तर १९ लिटर रंग लागेल. लहान यंत्राचे भांडे १९ वेळा भरावे लागेल. शिवाय फरशी, दारे, विजेची बटणे कागदाने झाकायला एक दिवस जाईल. भिंतींना रोलरच बरा.

आता ट्रॉली पाहा. लोखंडी पट्ट्या, कोपरे, खालची बाजू, जोडांच्या फटी येथे ब्रश पोहोचत नाही आणि गंज तेथूनच सुरू होतो. येथे फवारणीचे यंत्र आपली किंमत वसूल करते. खिडकीच्या गजांना मात्र ब्रशच वापरावा; फवारले तर बहुतेक रंग गजांमधून पलीकडे जातो.

गाडीच्या रंगाविषयी इशारा

मोटारसायकल, जीप किंवा ट्रॅक्टर चकचकीत करण्यासाठी दुकानात दोन डब्यांचा रंग मिळतो. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट जातीचे रसायन असते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा वायू याच कुळातला. हार्डनरमधील रसायन त्याच्यासारखे चटकन उडून जाणारे नाही. पण फवारले की त्याचे सूक्ष्म थेंब छातीत शिरतात व दमा जडवतात. एकदा शरीराने त्याचे वाकडे घेतले की पुढे अगदी थोड्या अंशानेही धाप लागते. तो माणूस पुन्हा त्या रंगाजवळ जाऊ शकत नाही.

याला वास फारसा नसतो, म्हणून साधा मास्क निकामी झाला तरी कळत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा व हवा खेचणारी बंद खोली हीच त्याची योग्य व्यवस्था. ती आपल्या गोठ्याशेजारी होत नाही. म्हणून हार्डनरचा रंग घरी फवारू नये. तशी सोय असलेल्या गॅरेजमध्येच काम द्यावे. ट्रॉलीला व अवजारांना एका डब्यातले साधे इनॅमल पुरेसे आहे.

छाती, आग आणि शिसे

तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, थिनरची वाफ मुळीच अडवत नाही. ऑईल पेंट फवारताना कोळशाच्या डब्या असलेला मास्क वापरावा व त्यावर कणांची गाळणी असावी. डब्यांची मुदत पाहावी. काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करावे. दमेकरी, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना दूर ठेवावे. डोके जड झाले, मळमळले, तर तो थकवा समजू नये. काम थांबवून मोकळ्या हवेत यावे.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत शेजारच्या खोलीतील चुलीपर्यंत जाते. चूल, विडी, वेदीपुढची मेणबत्ती सारे विझवूनच काम सुरू करावे. थिनर नाही म्हणून पेट्रोल कधीही मिसळू नये.

जुना रंग खरवडताना आणखी एक गोष्ट. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, खाली प्लॅस्टिक पसरून खरवड गोळा करावी. ती अंगणात टाकू नये. वासरे रंगवलेली फळी चाटतात आणि शिशाची विषबाधा गुरांनाही होते.

यंत्र धुतलेला थिनर विहिरीजवळ किंवा शेताच्या पाटात ओतू नये. डब्यात झाकून ठेवावा. गाळ खाली बसला की वरचा थिनर पुढच्या धुण्याला चालतो.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

१. मला जो रंग मारायचा आहे, त्यासाठी यात कोणत्या छिद्राचे नोझल बसते?
२. नोझल, सुई व वॉशर सुटे मिळतात काय?
३. आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. मोटर तापेल काय? अर्थिंगची तीन पिनांची वायर आहे काय?
४. जुना कॉम्प्रेसर असल्यास टाकी आतून गंजली आहे काय? खालचा नळ उघडल्यावर तांबडे पाणी येते काय? जादा दाब सोडणारी झडप चालते काय?
५. या रंगासाठी कोणता मास्क लागतो?

पाचव्या प्रश्नाला "रुमाल बांधा" असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या दुकानात जावे.

वर्षातून एकदा ट्रॉली व चार अवजारे रंगवायची, तर प्रत्येक घरी यंत्र असण्याचे कारण नाही. वाडीतील चार-पाच घरांनी मिळून एक चांगले यंत्र घ्यावे. मास्क मात्र ज्याचा त्याने स्वतंत्र ठेवावा. रंग पाच-सात वर्षांनी पुन्हा देता येतो. छाती एकच आहे, आणि तिच्यावर दुसरा हात मारता येत नाही.